काचेवरची रेघ

फिशटँकच्या काचेवर पाण्याच्या कडेला पांढरी, खरखरीत रेघ बसते. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटचा हा थर. पाणी चार बोटं उतरवायचं, व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं काचेला अर्धा तास चिकटवून ठेवायचं, बारीक बुडबुडे आले की ब्लेड तिरकं धरून खरवडायचं. (टाकी अ‍ॅक्रिलिकची असेल तर ब्लेड नको.) व्हिनेगर पाण्यात उतरू द्यायचं नाही.

परवा हे करताना हात थांबला. हे चाललंय कोणासाठी? गप्पी माशांना जड पाणी मानवतं, रेघेशी त्यांचं काही देणंघेणं नाही. पाहुणे येणार होते, एवढंच.

पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. मी मात्र महिनोन्महिने पाणी न बदलता वरून तांब्याभर ओतत आलो, म्हणजे दर खेपेला आणखी क्षार. माझ्या आळसाची नोंद त्या काचेने ठेवली होती आणि मी नेमकी तीच खरवडत होतो. काच लख्ख दिसली की पाणीही चांगलं असणार असं पाहुण्यांना वाटलं असतं. हळूहळू मलाही वाटू लागलं असतं, ते जास्त वाईट.

पण रेघ मुद्दाम राखून प्रायश्चित्ताचा आव आणणं, हेही सोंगच की! समोरची काच मी पूर्ण साफ केली. मग पाव टाकी पाणी बदललं. उरलेलं दर रविवारी थोडं थोडं. एकदम बदललेलं माशांना सोसत नाही.