गच्चीचा कठडा

सिंगापूरच्या हार्बरफ्रंटहून सेंटोसा बेटाकडे केबल-कारचे डबे समुद्रावरून ये-जा करतात. २९ जानेवारी १९८३ रोजी समुद्रतळात तेलविहिरी खोदणाऱ्या ‘एनिवेटॉक’ जहाजाचा उंच मनोरा त्या तारांत अडकला. दोन डबे खाली कोसळून सात जीव गेले. मनोऱ्याची उंची व तारेची उंची, दोन्ही आधी मोजता येण्यासारख्या होत्या. पुढे चौकशी झाली, उंच जहाजांवर निर्बंध आले. पण ते सात जण गेल्यानंतर.

आपल्या पवित्र तोरामध्ये, दवारीमच्या २२व्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्यास गच्चीला कठडा करण्याची आज्ञा आहे. कोणी पडल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येतो. ही आज्ञा घर बांधतानाची आहे, कोणी पडल्यानंतरची नव्हे. राम्बाम यांनी ती विहिरीसही लावली: अंगणातील विहिरीला, तीत पाणी असो वा नसो, दहा मुठी उंच कठडा किंवा झाकण हवे.

मग वायूच्या विहिरींचे काय? हा प्रश्न आपल्यास परका नाही. मुंबई हायचा वायू समुद्राखालील नळांतून उरणला, म्हणजे आपल्या पूर्वजांच्या रायगड जिल्ह्यात येतो. २७ जुलै २००५ रोजी ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज एका जखमी माणसास उतरविण्यासाठी मुंबई हायच्या फलाटाजवळ गेले आणि वायूच्या उभ्या नळीवर आदळले. आग भडकली, २२ माणसे गेली. समुद्रातील तेल व वायूच्या कामांसाठी सुरक्षिततेचे स्वतंत्र नियम आले ते २००८ साली. येथेही आधी पडणे, मग कठडा!

काही बांधव म्हणतात, नियम कडक केले की खर्च वाढतो, गॅस महागतो. खरे आहे. पण कठड्याचा खर्च हा घराच्याच खर्चाचा भाग होय. तो वाचविणारा घर स्वस्तात बांधीत नाही. उरलेली किंमत तो दुसऱ्याच्या जिवाकडून वसूल करतो.

दुसरे म्हणतात, हे सरकारचे व कंपनीचे काम, आपण कोण? आम्हांस वाटते, खरा प्रश्न हाच आहे. शुक्रवारी सायंकाळी शब्बाथचे जेवण आपण ज्या चुलीवर करतो, तिचा वायू कोठून तरी येतोच. तो वापरणारे आपण केवळ वाटसरू नव्हे. त्या घरात आपलाही वाटा आहे. म्हणून तपासणी झाली काय, तिचा अहवाल कोठे आहे, असे विचारणे, अर्जावर सही करणे, प्रतिनिधीस पत्र लिहिणे, ही कुरबूर नसून आपल्याच गच्चीचा कठडा होय.

मात्र एक मर्यादा आपणही पाळावी. तोरा गच्ची बांधू नये असे सांगत नाही. विहिरी बुजवा, अशी ओरड करून घरी गॅस पेटविणे प्रामाणिकपणाचे नाही. कठडा मागावा, त्याची किंमत देण्याची तयारी ठेवावी, आणि कोणी पडण्यापूर्वी मागावा.