पाहण्याजोग्या नाट्यमालिका कोणत्या ?

"टीव्हीवरील कोणत्या मालिका पहाव्या व कोणत्या पाहूं नयेत, हें एकदां स्पष्ट सांगा," असें आमच्या जालना जिल्ह्यांतील कित्येक मंडळ्यांचीं बंधुभगिनी आम्हांस विचारीत असतात. कांहीं उपदेशक बंधूंचें म्हणणें तर याहून सोपें आहे. ते म्हणतात, "पाहूंच नयेत, पेटी बंद करावी, म्हणजे प्रश्न मिटला." आम्हीही पुष्कळ दिवस असेंच उत्तर देत होतों, आणि घरीं आल्यावर स्वतः मालिका पाहत होतों. ह्या दुटप्पी वागण्याची आम्हांस लाज वाटूं लागली ती एका प्रसंगामुळें. तो प्रसंग आधीं सांगतों. कारण ज्यानें स्वतः ठेंच खाल्ली आहे त्यानेंच वाटेंतला दगड दाखवावा, हें बरें.

गेल्या पौषांतली गोष्ट. रात्रीं आठांचा सुमार होता, व आम्ही सहकुटुंब एक मालिका पाहत बसलों होतों. मालिकेंतील एका मातेचा मुलगा घर सोडून गेला होता, आणि ती त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. इतक्यांत मंडळींतील एक वृद्ध गृहस्थ दारांत आले. त्यांचा मुलगा व सून दिवाळीनंतर ऊसतोडीस गेलीं होतीं. आम्हीं त्यांस खुर्ची दिली, "या बाबा, बसा, दोन मिनिटांत जाहिरात लागेल, मग बोलूं," असें म्हटलें, आणि पुन्हां पडद्याकडे वळलों. पडद्यावरील माता रडूं लागली. आमचेही डोळे भरून आले. जाहिरात लागली तेव्हां मागें वळून पाहिलें, तों खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही त्यांच्या घरीं गेलों. त्यांनीं रागाचा एक शब्दही काढिला नाहीं. खिशांतून एक चुरगळलेली चिठ्ठी काढून ते म्हणाले, "पाळकसाहेब, ह्याच्यावर मुकादमाचा नंबर हाय. वीस दिस झाले, पोराचा फोन न्हाई. मला आकडे लावता येत न्हाईत, म्हणून आलतो. तुम्ही बघत व्हता, मग उठलो." आम्हीं तो क्रमांक लाविला. मुकादमानें मुलास बोलाविलें. मुलाचा मोबाईल बिघडला होता, एवढेंच. बापलेक बोलले. सारें मिळून दोन मिनिटें लागलीं. त्या दोन मिनिटांच्या कामासाठीं एका बापानें आणखी एक रात्र जागून काढिली. आणि त्याच वेळीं आम्ही एका खोट्या मातेच्या खोट्या विरहासाठीं खरें पाणी डोळ्यांतून गाळीत होतों.

तेव्हांपासून एक प्रश्न आमच्या मनास टोंचीत आहे. कल्पित दुःखासाठीं गाळलेले अश्रु मनुष्याचें अंतःकरण मऊ करितात, कीं आहे तोही ओलावा आटवितात ? रडून झालें म्हणजे मनुष्यास वाटतें कीं, आपण दयाळु आहों. दयेचें समाधान मिळालें, आणि दयेचें काम तर कांहींच झालें नाहीं ! पोट न भरतां ढेंकर यावा, तशी ही स्थिति आहे.

यावर आमचे उपदेशक बंधु म्हणतील, "मग आम्ही काय निराळें सांगत होतों ? पेटी बंद करा !" परंतु, बंधूंनो, हा आक्षेप पेटीपुरता राहत नाहीं. तो प्रत्येक गोष्टीस, प्रत्येक कीर्तनास व प्रत्येक नाटकास लागू पडतो. आणि आपण व्यासपीठावरून सांगतों त्या दृष्टांतांसही लागू पडतो. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे गेला, तेव्हां त्यानें राजाच्या पापाचा पाढा वाचिला नाहीं. त्यानें एक गोष्ट सांगितली. एका धनवानाजवळ पुष्कळ गुरेंमेंढरें होतीं, व एका गरिबाजवळ एकच लाडकी मेंढी होती. ती त्या धनवानानें हिरावून घेतली. गोष्ट ऐकून राजा संतापला. तो संताप पुरा भरास आल्यावर नाथानानें त्याचें तोंड राजाकडेच फिरविलें. उघड शब्द राजाच्या कानांवरून गेला असता. गोष्ट मात्र काळजापर्यंत पोंचली.

तेव्हां दोष गोष्टीचा नाहीं. गोष्ट संपल्यावर बोट कोणाकडे वळतें, हा खरा प्रश्न आहे. जी मालिका पाहून आपण म्हणतों, "ती थोरली जाऊ पाहा, अगदीं आमच्या शेजारणीसारखी !" ती आपणांस न्यायाधीशाच्या आसनावर बसविते, व तेथून उठूं देत नाहीं. जी पाहून आपण गप्प होतों, आणि मनांत म्हणतों, "असें तर मीही वागलों," ती नाथानाचें काम करिते. पाहण्याजोग्या मालिकेची आमची कसोटी हीच.

आतां पहिल्या प्रकारच्या मालिका इतक्या कां निघतात, हेंही समजून घेतलें पाहिजे. खाजगी वाहिन्यांचा निर्वाह मुख्यतः जाहिरातींवर चालतो. कोणती मालिका किती लोक पाहतात, याचें मोजमाप ‘बार्क’ ही संस्था करिते. देशांतील सर्व घरें मोजणें शक्य नाहीं, म्हणून कांहीं हजार निवडक घरांतील टीव्हीस यंत्र जोडलेलें असतें, व त्यावरून साऱ्या देशाचा अंदाज बांधितात. त्या अंदाजास आपण टी. आर. पी. म्हणतों. आंकडा चढता असेल तोंवर मालिका संपविणें म्हणजे दुभती म्हैस बाजारांत नेणें होय. ‘चार दिवस सासूचे’ ही मराठी मालिका २००१ सालीं सुरू झाली ती २०१३ सालीं संपली. तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. लांबी हा कांहीं अपराध नव्हे, व करणाऱ्यांचें पोटही त्यावर असतें. परंतु जी गोष्ट संपूं शकत नाहीं, तींत एक उणीव येण्याचा धोका फार मोठा असतो : तींतील दुष्ट मनुष्यास पश्चात्ताप करण्याची मुभा नसते. त्यानें आज मनापासून क्षमा मागितली, तर उद्यां दाखवावयाचें काय ? म्हणून तो क्षमा मागतो ती कपटानें, आणि रडतो तें दुसऱ्यास फसविण्यासाठीं. रोज रात्रीं हें पाहून आपल्या मनावर नकळत एक धडा कोरला जातो, तो असा कीं, माणूस बदलत नाहीं. मग खरी सून खऱ्या सासूपुढें डोळे पुसूं लागली कीं सासूस वाटतें, हें नाटक आहे. नटव्या वेषापेक्षां व भरजरी साड्यांपेक्षां ही हानि आम्हांस मोठी वाटते.

आतां ज्या कृति आम्हांस पाहण्याजोग्या वाटतात, त्यांचीं नांवें देतों. कांहीं जुन्या आहेत. शोधिल्यास त्यांतील कांहीं मोबाईलवर सांपडतात.

पहिली, ‘चिमणराव गुंड्याभाऊ’. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्यानंतरच्या पहिल्या दशकांतच चिं. वि. जोशी यांच्या विनोदी कथांवरून ही मालिका निघाली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, व बाळ कर्वे गुंड्याभाऊ. फजिती होते ती चिमणरावाची, पण हंसतां हंसतां आपल्यास आपलाच भित्रेपणा व आपलीच बढाई दिसूं लागते. दुसऱ्यास न दुखवितां स्वतःस हंसावयास शिकविणें, हेंही नीतीचेंच शिक्षण आहे.

दुसरी, ‘तमस’. भीष्म साहनी यांच्या हिंदी कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनीं ती केली, व १९८८ सालीं ती दूरदर्शननें दाखविली. फाळणीच्या वेळचा पंजाब तींत आहे. नथू नांवाच्या एका गरीब चर्मकारास फसवून त्याच्याकडून डुक्कर मारविलें जातें. तें मशिदीच्या पायऱ्यांवर टाकिलेलें सांपडतें, आणि गांवेंच्या गांवें पेटतात. ओम पुरी यांनीं नथूचें काम केलें आहे. मालिका बंद करावी म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयांत गेलें. तेथील दोन न्यायमूर्तींनीं ती संपूर्ण पाहिली, आणि मगच बंदीची मागणी फेटाळली; सर्वोच्च न्यायालयानेंही फेब्रुवारी १९८८ मध्यें तोच निर्णय कायम केला. आधीं पाहावें, मग न्याय करावा, हाही एक धडा त्यांत आहे. नथूनें जाणून कांहींच केलें नव्हतें; तरी त्याचें मन त्यास खातें. आपण जाणून करितों, व आपलें मन खात नाहीं ! ही मालिका लहान मुलांस मात्र दाखवूं नये.

तिसरी, ‘उंच माझा झोका’. झी मराठीवर २०१२ व २०१३ सालीं ती चालली. रमाबाई रानडे यांचें लग्न १८७३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्याशीं झालें, आणि पतीनें त्यांस लिहावयास वाचावयास शिकविलें. घरांतील स्त्रियांनीं त्यांचा छळ केला. सासरचा छळ येथेंही आहे; परंतु तो दागिन्यांच्या किल्ल्यांवरून नव्हे, तर अक्षरांवरून आहे. हें पाहून आमच्या एका गांवांतील आजीबाईंनीं नातसुनेस अंगणवाडीच्या कामास जाऊं दिलें. एवढें फळ आम्हांस पुरे आहे.

मालिका नव्हे, पण विजया मेहता यांनीं लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्रावर दूरदर्शनसाठीं एक चित्रपट केला, व तींत सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या, त्याचाही उल्लेख येथें केला पाहिजे. पतीनें धर्म बदलल्यावर त्या बाईनें जें सोसलें, तें आपल्या मंडळ्यांतील कित्येक घराण्यांनीं सोसलें आहे.

चौथें नांव घेतांना आम्हांस मान खालीं घालावी लागते. ‘सावित्रीजोती’ ही मालिका सोनी मराठीवर जानेवारी २०२० मध्यें सुरू झाली. जोतीराव पुण्यांत स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले. सावित्रीबाईंनीं शिक्षिकेचें शिक्षण तेव्हांच्या अहमदनगरास मिस सिंथिया फरार यांजपाशीं घेतलें. दगड व शेण अंगावर झेलून ती बाई शाळेस जात राहिली, म्हणून आज आपल्या मुली शाळेंत जातात. असें असूनही, प्रेक्षक पुरेसे मिळाले नाहींत म्हणून ती मालिका डिसेंबर २०२० मध्यें थांबली. आम्ही ३ जानेवारीस सावित्रीबाईंवर भाषण करितों. पण ती मालिका चालू होती तेव्हां आम्ही दुसरीच पाहत होतों. कोणी म्हणेल, "आमच्या घरांत तें मोजण्याचें यंत्र कोठें आहे ? आम्हीं पाहिलें काय आणि न पाहिलें काय !" परंतु ज्या घरांत यंत्र आहे, तें घर तुमच्या आमच्यासारख्या घरांचा नमुना म्हणूनच निवडलेलें असतें. गांवाची रुचि जशी, तशी त्या घराची. पाहणें ही कृति आहे, आणि न पाहणें हीही कृति आहे.

परंतु चांगली मालिका निवडली म्हणजे आपलें काम झालें, असेंही नाहीं. ७ जुलै १९८४ रोजीं दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. दारूचें व्यसन, मुलींची उपेक्षा व मोठ्या कुटुंबाचे हाल लोकांस दिसावेत, या हेतूनें ती रचिली होती. तींतील भागवंती ही माता सर्व अन्याय मुकाट्यानें सोसते. असें सोसूं नये, हें दाखविण्याचा करणाऱ्यांचा उद्देश होता. पुढें संशोधकांनीं प्रेक्षकांस विचारिलें, तेव्हां असें आढळलें कीं, पुष्कळांनीं भागवंतीसच आदर्श स्त्री मानिलें ! पेरलें एक, उगवलें दुसरें. म्हणूनच कीं काय, प्रत्येक भागाच्या शेवटीं अशोककुमार पडद्यावर येऊन प्रेक्षकांशीं दोन शब्द बोलत असत. आणि तरीही असें झालें.

यास्तव आमची सूचना तीन गोष्टींची आहे. पहिली, जिला शेवट आहे अशी मालिका निवडावी. दुसरी, भाग संपतांच पेटी बंद करून घरांतील सर्वांनीं, लेंकरांसुद्धां, थोडें बोलावें : यांत कोण चुकलें, आणि तसें आपण कधीं चुकलों काय ? आपल्या घरचा अशोककुमार आपणच झालें पाहिजे. तिसरी, दारांत मनुष्य आला कीं पडदा ताबडतोब काळा करावा. मालिका उद्यां पुन्हां दिसेल. दारांतलें मनुष्य उद्यां येईलच, असें नाहीं.

ते वृद्ध बाबा अजून आमच्याकडे येतात. त्यांस आतां आम्हीं आंकडे लावावयास शिकविलें आहे. तरी ते येतात. घरांतील खुर्च्या आम्हीं फिरवून अशा मांडिल्या आहेत कीं, पडद्याकडे पाहतांना दारही दिसावें. पडद्यावरील दुःख पाहून डोळे भिजले तर भिजोत, त्यांत लाज नाहीं. परंतु त्याच ओल्या डोळ्यांस दारांतलें दुःख दिसलें पाहिजे. एवढें ज्या मालिकेनें साधेल, वाचकहो, ती खुशाल पाहा.