बघ्याचा जीव कोणाचा?

मोटारींच्या शर्यतीत माणसे मरतात, याचे आता कोणाला फारसे आश्चर्य वाटत नाही. चालक मेला तर आपण म्हणतो, त्याने तो धंदा जाणूनबुजून पत्करला होता. पण शर्यत बघायला आलेला माणूस मेला, आणि तोही एखाद्या बघ्याच्या आगाऊपणामुळे, तर त्या मरणाचा हिशेब कोणाच्या खात्यावर मांडायचा? मोटारींचा शौक मला नाही. माझी स्कूटर मी ताशी ४० च्या पुढे क्वचितच नेली असेल. तरीही या शर्यतींविषयी हाती लागेल ते मी वाचत आलो आहे, कारण नीतिशास्त्राच्या पुस्तकात जे प्रश्न पानेच्या पाने कोरडे वाटतात, ते तिथे अर्ध्या सेकंदात अंगावर येतात.

१९८६ च्या मार्चमध्ये पोर्तुगालमध्ये झालेली रॅली घ्या. रॅली ही मैदानात आखलेल्या गोल मार्गावरची शर्यत नव्हे. डोंगरातल्या नेहमीच्या रस्त्यांवरून एकामागून एक गाड्या सोडतात आणि घड्याळ लावून वेळ मोजतात. त्या काळात ‘ग्रुप बी’ वर्गाच्या गाड्या होत्या. वजनाने हलक्या आणि ताकदीने अचाट. सिंत्राच्या डोंगरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची भिंत उभी होती. भिंत तरी कशी म्हणावी? माणसे रस्त्यातच उभी राहत आणि गाडी अगदी अंगावर आली की बाजूला होत. धावत्या गाडीला हात लावून दाखवणे हा तिथे पुरुषार्थ समजला जाई. जोआकिम सांतोस हा पोर्तुगालचाच चालक फोर्ड गाडी घेऊन आला. रस्त्यात आलेल्या लोकांना चुकवताना त्याचा ताबा सुटला आणि गाडी कडेच्या गर्दीत घुसली. ३ माणसे गेली, ३० हून अधिक जखमी झाली.

या प्रसंगातली एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. गाडी ज्यांना चुकवायला वळली ते वेगळे, आणि जिच्याखाली सापडले ते वेगळे.

‘माझा जीव आहे, मी तो धोक्यात घालीन, तुम्ही कोण विचारणार?’ हा युक्तिवाद आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकला आहे. हेल्मेटची सक्ती झाली तेव्हा ऐकला, पुराच्या पाण्यात पुलावरून उड्या मारणाऱ्या पोरांच्या तोंडून दर पावसाळ्यात ऐकतो. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने १८५९ साली लिहिलेल्या ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात याला मोठा आधार सापडतो. ज्या कृत्याची झळ फक्त करणाऱ्यालाच लागते, त्यात समाजाने हात घालू नये, असे त्याचे म्हणणे. एम.ए.ला असताना मला ते बिनतोड वाटले होते आणि आजही तत्त्व म्हणून ते खोडावेसे वाटत नाही. पण रस्त्याच्या मधोमध उभा राहणारा बघ्या मिलच्या आधाराला पात्र नाही. तो आपला जीव पणाला लावत नसून चालकाची सद्सद्विवेकबुद्धी पणाला लावत असतो. चालक माणूस आहे, तो माणसाच्या अंगावर गाडी घालणार नाही, शेवटच्या क्षणी का होईना चाक फिरवील, या भरवशावर त्याचे सगळे धाडस उभे असते. समोरून चालकाशिवाय सुटलेला ट्रक येत असता तर हा वीर रस्त्यावर उभा राहिला असता का? म्हणजे धाडस याचे, आणि त्याची किंमत मात्र दुसऱ्याच्या चांगुलपणातून वळती करून घ्यायची. उसनवारीचे शौर्य म्हणतात ते हेच.

वेगाचे गणितही पाहू. ताशी २७० किलोमीटरला ५ ने गुणून १८ ने भागले की सेकंदाला ७५ मीटर येतात. डोळ्याने पाहिलेले पायापर्यंत पोचायला पाऊण सेकंद लागतो असे धरले, तर तेवढ्यात गाडी ५६ मीटर पुढे गेलेली असते. आमच्या शाळेची इमारत या टोकापासून त्या टोकापर्यंत एवढी लांब नाही. ५ मार्च १९७७ रोजी दक्षिण आफ्रिकेत क्यालामीच्या शर्यतीत याच सुमाराच्या वेगाने टॉम प्राइस येत होता. पलीकडच्या बाजूला त्याच्याच संघातली एक गाडी बंद पडून तिला थोडी आग लागली होती. ती विझवायला दोन मार्शल मार्ग ओलांडून धावले. रस्त्याला चढ असल्यामुळे येणाऱ्या गाड्या त्यांना दिसल्या नाहीत. त्यांतला दुसरा अवघा १९ वर्षांचा होता आणि त्याच्या हातात आग विझवण्याचे नळकांडे होते. प्राइसची गाडी त्याच्यावर आदळली, नळकांडे प्राइसच्या डोक्यावर बसले, आणि दोघेही जागीच गेले. तो पोरगा आगाऊ बघ्या नव्हता. मदतीला धावला होता. तरी त्या ७५ मीटरांनी त्याचा हेतू विचारला नाही.

इथे कोणी म्हणेल, हेडमास्तर, तुम्ही सगळा दोष बघ्यांच्याच माथी मारायला निघालात. तसे नाही. उलट, दोष बघ्यावर ढकलणे ही आयोजकांची फार जुनी आणि सोयीची सवय आहे. ११ जून १९५५ ला फ्रान्समध्ये ल मॉं इथे जे झाले त्यात बघ्यांनी काय आगाऊपणा केला होता? तिकीट काढून, जिथे उभे राहा म्हणून सांगितले तिथेच ते उभे होते. माइक हॉथॉर्नने थांब्याकडे जाण्यासाठी वेग कमी केला, मागच्या मॅक्लिनने त्याला चुकवायला गाडी डावीकडे घेतली, आणि भरधाव येणारी पिएर लव्हे याची मर्सिडीज तिच्यावर चढून उडाली. लोक आणि मार्ग यांच्यामध्ये होता एक ठेंगणा मातीचा बांध. गाडीचे तुकडे गर्दीतून सुसाटत गेले. लव्हेसकट ८० हून अधिक माणसे मेली. तरी शर्यत चालूच राहिली. थांबवली तर घरी जाणाऱ्या लोकांनी रस्ते अडतील आणि रुग्णवाहिकांना वाट मिळणार नाही, असे कारण आयोजकांनी दिले. ते अगदीच खोटे नसावे. मर्सिडीजने मात्र मध्यरात्रीनंतर आपल्या उरलेल्या गाड्या काढून घेतल्या. जिंकला हॉथॉर्न. स्वित्झर्लंडने तर नंतर आपल्या देशात अशा शर्यतींवर बंदीच घातली.

दोन वर्षांनी, १२ मे १९५७ ला, इटलीतल्या ‘मिल्ले मिल्या’ या हजार मैलांच्या शर्यतीत गुइदिझोलो गावाजवळ टायर फुटून फेरारी गाडी लोकांत घुसली. चालक आल्फोन्सो दे पोर्तागो आणि त्याचा जोडीदार यांच्याबरोबर ९ बघे मेले. त्यांतली ५ मुले होती. आपल्या गावावरून जाणारी शर्यत बघायला ती रस्त्याच्या कडेला आली होती. या मुलांना बेफिकीर म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. ती शर्यत त्या स्वरूपात पुन्हा झाली नाही. गाड्या बनवणाऱ्या एंझो फेरारीवर खटला भरला गेला आणि १९६१ मध्ये तो निर्दोष सुटला.

अशा मरणांनंतर कुंपणे आली, पोलादी कठडे आले, उंच जाळ्या आल्या, बघे मागे सरकवले गेले. आणि जसजसे कुंपण भक्कम झाले तसतसा कुंपण ओलांडण्यातला मानही वाढला! २०१५ साली सिंगापूरच्या शर्यतीत एक तरुण चालू शर्यतीत मार्गावर उतरून रमतगमत चालू लागला. पुढे त्याला सहा आठवड्यांची कैद झाली. पण तो एकटा होता म्हणून सापडला. २ एप्रिल २०२३ ला मेलबर्नमध्ये शर्यत पुरती संपण्याआधीच लोकांचा लोंढा कठडे ओलांडून मार्गावर आला. तिथे निको हुल्केनबर्गची बंद पडलेली गाडी उभी होती आणि तिच्यावरचा दिवा लाल लुकलुकत होता. हल्ली या गाड्या अर्ध्या विजेवर चालतात. दिवा लाल म्हणजे गाडीत विजेचा धोका असू शकतो, हात लावू नका. लोक तिच्याजवळ पोचले होते. सुदैवाने काही घडले नाही. पंचांनी दोषी कोणाला धरले? आयोजकांना. मला हे बरोबर वाटते, आणि तरीही काहीतरी उरते असेही वाटते. गर्दीला पत्ता नसतो, म्हणून नोटीस आयोजकाच्या पत्त्यावर जाते. पण त्या लोंढ्यातला प्रत्येक जण रात्री आपापल्या पत्त्यावर जाऊन जेवला.

याहून अवघड गोष्ट श्रद्धेने वेड्या झालेल्या माणसाची. २० जुलै २००३ ला इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनच्या मार्गावर, जिथे गाड्या सर्वांत वेगाने येतात त्या सरळ पट्ट्यात, आयर्लंडचा एक धर्मोपदेशक बायबल वाचा असे सांगणारा फलक घेऊन गाड्यांच्या दिशेने धावला. चालकांनी वळून वळून त्याला चुकवले. एका मार्शलने जिवावर उदार होऊन त्याला ओढून बाहेर काढले. दोन महिन्यांची शिक्षा भोगून तो सुटला आणि पुढच्या वर्षी अथेन्स ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये पुढे असलेल्या ब्राझीलच्या वांदेरलेई दे लिमाला त्याने ढकलत कडेच्या गर्दीत नेले. लिमा सावरला, धावला, तिसरा आला. देव ज्याचा असेल त्याचा असो, सुवर्णपदकाची संधी मात्र लिमाची गेली.

२०२२ मध्ये याच सिल्व्हरस्टोनवर पर्यावरणवादी आंदोलक जाऊन बसले. सुरुवातीलाच मोठा अपघात झाल्याने लाल निशाण पडले होते, गाड्यांचा वेग उतरला होता, म्हणून निभावले. त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. पृथ्वी तापते आहे हे मी वर्गात शिकवतो. आपल्याला तर सत्याग्रहाची परंपरा आहे. रस्त्यात बसणे, अंगावर लाठी घेणे हे आपण पूज्य मानतो. मग हे का खटकावे? मी यावर पुष्कळ विचार केला. सत्याग्रही समोरच्याला वेळ देतो. आधी पत्र लिहितो, तारीख कळवतो, मीठ उचलायला २४ दिवस चालत जातो. लाठी उगारणाऱ्याचा हात खाली येण्यापूर्वी त्याला मनाशी झगडता यावे, हीच त्याची मागणी असते. जिथे सेकंदाला ७५ मीटर जातात तिथे झगडायला मनच जागेवर नसते. तिथे समोरच्याला आपण न्यायाधीश करत नाही, आपल्या मरणाचे हत्यार करतो.

आपल्याकडे, निपाणी-चिकोडीकडे बैलगाड्यांच्या शर्यती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे सगळे परके वाटू नये. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या आणि १८ मे २०२३ च्या निकालाने राज्यांच्या दुरुस्त कायद्यांखाली त्या पुन्हा मोकळ्या झाल्या. वाद होता बैलांच्या हालांचा, आणि तो व्हायलाच हवा होता. पण माणसांची ती गल्ली आठवा! बैल दूर असतात तोवर ती दोन हात रुंद, जवळ आले की फाकते, गेले की मिटते. ‘सरका, सरका’ आणि ‘सरीरी, सरीरी’ असा दोन्ही भाषांत पुकारा चाललेला. दोन्ही भाषांतले बघे सारख्याच उत्साहाने तो कानाआड करतात. या एका बाबतीत आपल्या सीमाभागात वाद नाही. बैल बुजला तर तो चाक फिरवत नाही, हे ठाऊक असूनही.

पोर्तुगालची गोष्ट अर्धीच सांगितली. त्या संध्याकाळी मोठ्या कंपन्यांचे चालक एस्तोरिलच्या हॉटेलात जमले आणि एका कागदावर सह्या करून त्यांनी कळवले की आम्ही पुढे गाडी चालवणार नाही. रस्त्यावर माणसे होती, त्यांना चुकवताना सांतोसची गाडी गेली, आणि पुढेही आम्ही लोकांची सुरक्षितता सांभाळू शकत नाही, असा त्याचा आशय. त्यांच्यावर करारांचे ओझे होते, कंपन्यांचा पैसा होता. आयोजक नाराज झाले. स्थानिक चालकांनी रॅली पुढे चालवली आणि त्यांच्यातलाच एक जिंकला. मे महिन्यात कॉर्सिकात हेन्री तोइव्होनेन आणि त्याचा जोडीदार दरीत जळून मेले आणि १९८७ पासून ‘ग्रुप बी’च बंद झाला. त्या सह्यांच्या कागदाला मी फार मानतो. बघ्याने गृहीत धरलेला चांगुलपणा त्यांनी रस्त्यावर अर्ध्या सेकंदात वापरायचे नाकारले आणि हॉटेलात खुर्चीवर बसून, विचार करून वापरला.

आमच्या शाळेच्या क्रीडास्पर्धांत भालाफेकीसाठी दोर बांधतो, चुन्याची रेघ मारतो, शिपाई उभा करतो. मागे एका वर्षी एक पालक फोटो काढायला दोर उचलून आत आले. त्यांच्या मागून आणखी चार जण. फेकायला दहावीतला मुलगा उभा होता, जिल्ह्याला जाईल अशी आम्हाला आशा होती. शिक्षक म्हणाले, ते बाजूलाच आहेत, तू टाक. त्याने भाला खाली टेकवला आणि नुसता उभा राहिला. शिट्ट्या झाल्या, ‘टाक की रे’ झाले, पंचांनी घड्याळ पाहिले. ते गृहस्थ हसत हसत, सावकाश बाहेर गेले. मुलाने मग धावत येऊन भाला फेकला. अंग थंड पडले होते. भाला त्याच्या नेहमीच्या फेकीच्या बराच अलीकडे पडला, आणि त्या वर्षी जिल्ह्याला दुसरा मुलगा गेला.