अनुवादकाचे उत्तरदायित्व

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. रशियन तंत्रज्ञ आणि भारतीय अभियंते यांच्यामध्ये त्या काळी दुभाषी उभा असे. त्याचा शब्द चुकला तर ती चूक फार काळ झाकून राहणे शक्य नव्हते. यंत्र अडे, धातू बिघडे, प्रसंगी माणसाच्या जिवावर बेते. साहित्याच्या अनुवादकाला असा साक्षीदार नसतो. मूळ लेखक कित्येकदा शतकांपूर्वी निवर्तलेला असतो, आणि वाचकाला मूळ भाषा येत नसते. येत असती तर त्याला अनुवादाची गरजच पडली नसती. जेथे चूक पकडणारा कोणी नाही, तेथे चुकीचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते? हा प्रश्न वरकरणी भाषेचा दिसला तरी वस्तुतः तो नीतीचा आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर पोलंडमधील स्तेफान स्रेब्रनी यांच्या आयुष्यात सापडते. १८९० साली जन्मलेले स्रेब्रनी सेंट पीटर्सबर्ग येथे तादेऊश झ्येलिन्स्की या थोर ग्रीकविद्या-पंडिताचे शिष्य होते. पुढे ते व्हिल्नो येथील विद्यापीठात अध्यापन करू लागले. १९३९ च्या डिसेंबरात ते विद्यापीठ बंद पडले आणि महायुद्धानंतर ते शहरही पोलंडचे राहिले नाही. तेथील अनेक प्राध्यापक तोरुन येथे आले व १९४५ साली स्थापन झालेले नवे विद्यापीठ त्यांनी उभे केले. स्रेब्रनी त्यांच्यापैकीच एक होते. १९६२ साली तोरुन येथेच त्यांचे निधन झाले. एस्किलसच्या शोकात्मिका आणि ॲरिस्टोफेनिसच्या सुखात्मिका त्यांनी मूळ ग्रीकमधून पोलिश भाषेत आणल्या. ग्रीक नाटक त्यांच्या लेखी केवळ अभ्यासिकेतील संहिता नव्हते. रंगभूमीशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध होता. म्हणजे त्यांच्यावर दोन ऋणे होती, एक मूळ शब्दाचे आणि दुसरे ते शब्द उच्चारणाऱ्या नटाचे. या दोहोंपैकी कोणतेही एक बुडवून दुसरे फेडता येत नाही, हीच अशा अनुवादकाच्या आयुष्याची कसोटी असते.

मराठीत ग्रीक विद्येची अशी अखंड परंपरा निर्माण झाली नाही. ग्रीक नाटक आपल्याकडे आले ते बहुतांशी इंग्रजीच्या वाटेने. शिवाय परकीय नाटकाला देशी वेष चढविण्याची रीत आपल्या रंगभूमीवर आधीच रूढ होती. आगरकरांनी हॅम्लेटचे ‘विकारविलसित’ (१८८३) केले, देवलांनी ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ (१८९०) केला. त्याच रीतीस अनुसरून कवी सदानंद रेगे (१९२३–१९८२) यांनी सोफोक्लीजच्या ईडिपसचे ‘जयकेतू’ (१९५९) हे रूपांतर केले. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. याच लेखकाने १९७७ साली ते नाटक पुन्हा हाती घेतले आणि या वेळी त्याचे नाव ठेवले ‘राजा ईडिपस’. दोनच वर्षांनी पु. ल. देशपांडे यांचा ‘राजा ओयदिपौस’ (१९७९) प्रसिद्ध झाला. त्यात तर नाव ग्रीक उच्चाराच्याही जवळ नेलेले आहे.

जयकेतू ते ईडिपस हा प्रवास केवळ नावाचा आहे काय? रूपांतराची बाजू दुबळी नाही. परक्याला घरात घ्यायचे तर त्याला घरची वस्त्रे द्यावीत, यात आतिथ्य आहे. प्रेक्षकाला अपरिचित नावांशी झुंजावे लागत नाही. नाटकाचे दुःख त्याला थेट भिडते. पण नावाबरोबर एक सबंध विश्व बदलते, हे विसरता येत नाही. भारतीय नाव धारण केलेला राजा अजाणता पित्याचा वध करतो आणि मातेशी विवाह करतो, तेव्हा आपल्या मनात प्रारब्ध आणि पूर्वसंचित हे शब्द आपोआप उभे राहतात. कर्मसिद्धान्त त्या दुःखाला कारण पुरवितो. सोफोक्लीजच्या राजाला मात्र पूर्वजन्म नाही. त्याच्या यातनेला समाधानकारक हिशेब नाही, आणि त्या नाटकाची सारी दाहकता या हिशेबाच्या अभावातच आहे.

हा भेद समजण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. भिलाईजवळच्या गनियारी गावी जन्मलेल्या आणि भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरी केलेल्या तीजनबाई यांनी हातात तंबुरा घेऊन पंडवानीतून महाभारत देशोदेशी नेले. त्या महाभारतातील कर्ण हा ईडिपसचा सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणता येईल. दोघेही जन्मताच टाकून दिलेले, दोघेही परक्या घरी वाढलेले, दोघेही आपल्या कुळाविषयी अज्ञानी. तरीही कर्णाला त्याचे जन्मरहस्य युद्धापूर्वी कृष्ण आणि कुंती सांगतात, आणि ते जाणूनच तो दुर्योधनाचा पक्ष धरून राहतो. त्याचे मोठेपण निवडीत आहे. ईडिपसला त्याचे सत्य आयते मिळत नाही. चौकशी थांबवावी म्हणून इतरांनी विनविले असताही तो ती पुढे रेटतो, आणि सत्य हाती येते तेव्हा निवडण्यासारखे काही उरलेले नसते. उरते ते केवळ झालेले कृत्य आपले म्हणणे. कर्णाच्या घरात ईडिपसला बसविले तर हा फरक पुसला जाण्याचा धोका असतो.

अजाणता घडलेल्या कृत्याला माणूस कितपत उत्तरदायी असतो? स्वतः सोफोक्लीजनेच या प्रश्नाला दोन बाजूंनी हात घातला. पहिल्या नाटकात राजा स्वतःचे डोळे फोडून घेतो. कवीच्या मृत्यूनंतर ख्रिस्तपूर्व ४०१ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘कोलोनस येथील ईडिपस’ या नाटकात तोच, आता वृद्ध झालेला, आपण अज्ञानाने वागलो म्हणून निर्दोष आहोत असे ठामपणे सांगतो. ही दोन विधाने परस्परविरोधी वाटतात, परंतु ती एकत्र नांदू शकतात. दोष नसतानाही उत्तरदायित्व असू शकते. ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रातील ‘हामार्तिया’ ही संज्ञाही येथेच अनुवादकाची परीक्षा पाहते. तिचा मूळ भाव नेम चुकण्याचा आहे. तिला ‘पाप’ म्हटले तर शोकात्मिकेचे धर्मप्रवचन होते. ‘चूक’ म्हटले तर राजाचे दुःख क्षुल्लक ठरते. ‘प्रमाद’ म्हटले तर निष्काळजीपणाची छटा येते. तिन्ही शब्द थोडथोडे खोटे आहेत, आणि तरी त्यांतून एक निवडावाच लागतो.

इंग्रजीच्या मध्यस्थीने ग्रीक नाटक आणणारा अनुवादक ईडिपसप्रमाणेच अंशतः अज्ञानात असतो. मधल्या अनुवादकाने केलेली चूक तो नकळत आपली करतो. त्यासाठी त्याला अपराधी ठरविणे अन्यायाचे होईल; तसे ठरविले तर लहान भाषांच्या दारी जगातील निम्मे वाङ्मय कधी पोहोचणारच नाही. पण निर्दोषत्वाच्या आड लपण्याचीही त्याला मुभा नाही. कोणी विचारीत नसताना आपल्या कृतीची पुन्हा चौकशी करणे, हे त्याच्या हाती उरतेच. स्रेब्रनींपाशी मूळ भाषेचे ज्ञान होते, ती त्यांची सुरक्षितता होती. ज्याला ती सुरक्षितता नाही, त्याने निदान आपल्या शब्दाकडे परत येण्याची तयारी ठेवावी. रेगे अठरा वर्षांनी त्याच नाटकाकडे परत आले आणि परक्या राजाला त्यांनी त्याचे नाव परत दिले. त्या कृतीने ‘जयकेतू’ रद्द होत नाही. आतिथ्याची एक पायरी तेथे संपली आणि दुसरी सुरू झाली, इतकेच. पाहुण्याला आपल्यासारखे करून घेणे हेही आतिथ्यच; पण तो आपल्यासारखा नाही हे मान्य करून त्याला घरात जागा देणे अधिक अवघड, आणि म्हणून अधिक मोलाचे.