आनंदघन आणि कर्तेपणाचा प्रश्न

कलावंताने आपले नाव लपविले म्हणजे त्याचा कर्तेपणा सुटला असे मानता येईल का, हा गीतेतील निष्काम कर्माशी थेट भिडणारा प्रश्न साठच्या दशकातील मराठी चित्रपटसंगीताने फार ठळकपणे उभा केला. भालजी पेंढारकरांच्या ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४), ‘साधी माणसं’ (१९६५) आणि ‘तांबडी माती’ (१९६९) या चित्रपटांचे संगीतकार म्हणून ‘आनंदघन’ हे नाव लागले, आणि ते लता मंगेशकरांनी घेतलेले टोपणनाव होते, ही गोष्ट ‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा समारंभात सर्वांसमोर आली.

विनोबा भावे यांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यांत कर्म, विकर्म आणि अकर्म या तीन संज्ञांचा जो उलगडा आहे तो येथे मार्गदर्शक ठरतो. कर्म म्हणजे बाहेर घडणारी क्रिया, विकर्म म्हणजे त्या क्रियेला मिळालेली चित्ताची जोड, आणि दोन्ही एकजीव झाली की उरते ते अकर्म, म्हणजे काम पूर्ण होऊनही ते केल्याचा भार मनावर नसणे. या कसोटीवर टोपणनाव ही केवळ बाहेरची क्रिया ठरते. नाव झाकूनही अहंकार शाबूत राहू शकतो, आणि उलट, अभंगाच्या शेवटी नाममुद्रा, म्हणजे रचनाकाराचे नाव, गुंफणाऱ्या संतांच्या निरहंकारावर त्या नावामुळे कोणी शंका घेतलेली नाही.

म्हणून त्यागाचा शोध श्रेयनामावलीत न घेता चालीतच घ्यावा लागतो. ‘साधी माणसं’मधील ‘ऐरणीच्या देवा तुला’ हे जगदीश खेबुडकरांचे गीत लोहारकाम करणाऱ्या जोडप्याचे आहे. त्याची चाल भात्याच्या आणि घणाच्या लयीला धरून चालते, आणि शास्त्रीय गायकीची तालीम लाभलेली, तिन्ही सप्तकांत लीलया फिरणारी गायिका स्वतः ते गात असूनही कामात गुंतलेल्या बाईला सहज गुणगुणता येईल इतकी ती साधी राखली आहे. हा संयम मोठा आहे, कारण आवाज लपविणे शक्य नव्हते: संगीतकाराचे नाव पडद्याआड असताना गायिका मात्र पहिल्या स्वरालाच ओळखली जात होती, आणि तरीही श्रोत्याचे लक्ष गळ्याच्या करामतीकडे न जाता कष्टकऱ्याच्या प्रार्थनेकडेच जाते. कौशल्य दाखविण्याची पूर्ण मुभा असताना ते प्रसंगाच्या हवाली करणे, हेच येथील विकर्म होय; त्यामुळे पुरस्काराच्या वेळी नाव उघड झाल्याने या गीतातील समर्पणाला कोठेही उणेपणा येत नाही.