पाहुणा आणि शेजारी

आपल्या आतिथ्याचा आपल्याला मोठा अभिमान असतो, आणि तो अगदीच निराधार नाही. दिवाळीत दारी आलेल्या माणसाला फराळाचे ताट दिल्यावाचून आपण परत पाठवीत नाही. परंतु या आतिथ्याच्या पोटात एक अट दडलेली असते. अतिथीने येण्याची तिथी सांगितली नाही तरी चालते; त्याने जावे मात्र लागते. जो येतो आणि राहतो, त्याच्याशी कसे वागावे, हा खरा प्रश्न आहे.

त्याच्या उत्तरासाठी दूरदेशी जावयास नको. कल्याणहून कर्जतच्या गाडीत बसावे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तीन गावे थोड्याच वेळात लागतात, आणि आपली परक्याकडे पाहण्याची रीत तिन्हींच्या इतिहासात उमटलेली दिसते.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. युद्ध संपले, बराकी ओस पडल्या, आणि १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेले सुमारे लाखभर निर्वासित तेथे राहिले. एकेका बराकीत अनेक कुटुंबे आणि मध्ये गोणपाटाचे पडदे! ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि जवळच्या नदीवरून वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. नवल असे की, १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. अकरा वर्षांपूर्वीचा आपल्याच इलाख्यातला माणूस आपल्याला परका वाटला. परकेपणा नकाशात नसतो, कानात असतो. बोलण्याचा सूर वेगळा लागला की आपण मनातल्या मनात कुंपण घालतो.

तरीही लोकांना त्यांची दया आली. दया करणे सोपे असते, कारण दया करणारा एक पायरी वर उभा असतो. अडचण पुढेच आली. ही माणसे हात पसरीनात. मिळेल तो माल ती आगगाडीत विकू लागली. त्यांनी दुकाने घातली, कारखाने काढले. फाळणीतल्या अनेकांना शरणार्थी न म्हणवता पुरुषार्थी म्हणवून घेणे आवडे, ते उगाच नव्हे. आणि मग मालावरच्या ‘यू. एस. ए.’ या अक्षरांचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा सांगून आपण हसू लागलो. काही माल नकली असेलही. पण ती थट्टा साऱ्या गावाला चिकटली आणि नातवंडांपर्यंत पोहोचली. रिकाम्या हाताने आलेल्याला आपण जागा दिली. त्याचे हात भरले, तेव्हा जागा कोणाची हे आपल्याला आठवले.

पुढच्या स्थानकावर, अंबरनाथला, स्वीडिश भांडवलाच्या विम्को कंपनीचा काड्यापेट्यांचा कारखाना होता. स्वीडन कोठे आहे हे ठाऊक नसलेल्या घरांतही त्या काडीने देवापुढची समई लागली. भांडवल घेऊन येणाऱ्याला आपल्याकडे कोणी उपरा म्हणत नाही, साहेब म्हणतात. म्हणजे आपला राग परकेपणावर नसतोच, बरोबरीवर असतो. वरच्याला आपण नमस्कार करतो, खालच्याला मदत करतो. समोरासमोर बसणाऱ्याशी काय बोलावे, ते मात्र सुचत नाही.

त्याच गावात शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे, शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. त्याच्या शैलीला ‘भूमिज’ म्हणतात, आणि अभ्यासक या शैलीचे नाते माळव्याशी जोडतात. परमुलखाशी नाते सांगणारे ते शिल्प आज आपण आपले म्हणून पाहुण्यांना दाखवितो. काळाने ते आपले केले. पण दगड नऊशे वर्षे वाट पाहू शकतो. माणसाला एकच आयुष्य असते.

बदलापूर हे नाव घोडे बदलण्याच्या जागेवरून पडले, असे लोक सांगतात. आता तेथे माणसे पत्ते बदलतात. मुंबईतली लहानशी खोली सोडून कितीतरी मराठी कुटुंबे येथे आली. भाषा तीच, देव तेच. तरी तेथल्या जुन्या आगरी, कुणबी आणि आदिवासी वस्तीच्या दृष्टीने मागाहून आलेले आपणच. भाताची खाचरे गेली, इमारती उभ्या राहिल्या. ज्याची जागा आकसते त्याला कुरकुरण्याचा अधिकार आहे. येणाऱ्यानेही गावाची बोली, वाटा आणि देवस्थाने यांचा मान ठेवला पाहिजे. मात्र कुरकुर निराळी, तिरस्कार निराळा.

याच गाडीत दार अडवून उभी राहणारी टोळकी असतात, आणि याच गाडीत तिघांच्या बाकावर चौथ्याला जागा करून देण्याची रीतही असते. तेथे कोणी दान करीत नाही. तिघे थोडेथोडे सरकतात, चौथा निम्मा अधांतरी बसतो, आणि गैरसोय चौघांत वाटली जाते. शेजार म्हणतात तो हाच.

पाहुण्याला वाढलेले ताट त्याच्यापाशीच संपते. शेजाऱ्याकडे पाठविलेले ताट मात्र रिकामे परत येत नाही. त्यातला अनोळखी चवीचा पदार्थ आपण कौतुकाने खातो की बाजूला सारतो, एवढे या दिवाळीत ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे.