वसईच्या भग्न भिंतींपुढे

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या परिसरात वाढलेली आम्ही ख्रिस्ती कुटुंबे वसईच्या सहलीला जातो, तेव्हा समुद्रकाठच्या त्या किल्ल्यातील छप्पर नसलेली चर्चे पाहून आमचा ऊर भरून येतो. हे आपलेच वैभव होते, असे वाटते. पण ते खरोखर आपले होते काय?

१५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून पोर्तुगिजांना वसई मिळाली. त्यांनी तट बांधले, चर्चे उभारली आणि या मुलखातील देवळेही पाडली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला आणि चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देवळांकडे गेल्या. वाईजवळील मेणवलीची घंटा त्यांपैकीच एक. घंटांसाठी हळहळताना पाडलेल्या देवळांचा विसर पडू देणे हा न्याय नव्हे.

मग अभिमान कशाचा धरावा? राज्यकर्ते गेले, तरी वसईच्या शेतकरी आणि कोळी घरांतील प्रार्थना थांबली नाही. तिला तोफांचा आधार लागला नाही. याच वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. तेथे त्यांच्या रक्षणाला ना तट होता, ना सैन्य.

आपल्या मुलांना वसईचा किल्ला अवश्य दाखवावा. मात्र ‘येथे एकेकाळी आपले राज्य होते’, असे त्यांना सांगू नये. राज्याच्या आश्रयाने आलेली श्रद्धा राज्य गेल्यावर साध्या माणसांनी जिवंत ठेवली, हे सांगावे. आपला वारसा तोच आहे.